भयमोहिमेतील भुते : महाड-पोलादपूरच्या निमित्ताने एक आढावा

चार-सहा माणसांनी एका टेबलाभोवती बसावे, प्रत्येकाने एकेका कल्पित पात्राचा भार अंगावर घ्यावा, अनिश्चित प्रसंगांचा निवाडा फाशांवर सोपवावा आणि अशा रीतीने महिनोन्‌महिने एकच दीर्घ कथा बोलत बोलत रचीत जावे, असा जो खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने प्रसिद्ध केला व जो आता पुण्या-मुंबईच्या तरुण मंडळींतही आवडीने खेळला जातो, त्याच्या भयानकरसप्रधान शाखेत सूत्रधारापुढे, म्हणजे खेळाडू ज्याला ‘डीएम’ म्हणतात त्याच्यापुढे, सर्वांत आधी आणि सर्वांत अवघड असा एकच प्रश्न उभा राहतो : भ्यावयाचे कोणाला? विक्राळ दाढांचे आणि अनेक शिरांचे प्राणी या खेळाच्या ग्रंथांतून शेकड्यांनी उपलब्ध आहेत. तथापि त्यांतील बहुतेकांना पाहून खेळाडू तलवार उपसतो, भीत नाही. या प्रश्नाचा विचार येथे महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुक्यांच्या आधाराने करावयाचा आहे, कारण भयमोहिमेला लागणारी बहुतेक सामग्री या सावित्रीकाठच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या व्यवस्थित लावून ठेवलेली आहे, आणि ती तेथे ज्या पद्धतीने लावली आहे तीतच निवडीचे खरे गमक आहे, असे माझे मत आहे.

प्रथम परदेशी परंपरा पाहू. १९७७ साली गायगॅक्स यांनी ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हा अमानुष जीवांचा कोश काढला, आणि त्यात प्रत्येक जीवाला त्याच्या आघात सोसण्याच्या सामर्थ्याचा आकडा जोडून दिला. आपला राक्षसही त्या कोशात आहे. परंतु चित्रात तो वाघाच्या मुखाचा, उंची झगा पांघरून चिलीम ओढणारा असा दाखविला असून, मंत्रून पवित्र केलेल्या एका बाणाने तो मरतो, अशी नोंद आहे. पुराणांतील राक्षसांना तप होते, वर होते, त्या वरांत ठेवलेल्या फटी होत्या आणि कुळाचे वैर होते. ते सर्व गळून पडले व उरला तो मारण्याजोगा एक प्राणी. ज्याच्या जीवनाला आकडा आहे तो वजाबाकी करून शून्यावर आणता येतो, हे खेळाडूला पहिल्या दोन बैठकांतच कळून चुकते, आणि त्यानंतर भय उरत नाही, हिशेब उरतो.

ही उणीव ओळखूनच १९८१ साली सँडी पीटरसन यांनी भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथांवरून ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा खेळ रचला. त्यात झिजतो तो राक्षसाचा आकडा नव्हे, तर खेळाडूच्या पात्राची मनःस्वस्थता. पाहू नये ते पाहिले, वाचू नये ते वाचले, की बुद्धीचे भांडवल कमी कमी होत जाते. ही कल्पना मोठी मोलाची आहे आणि कोणत्याही भयमोहिमेने ती बेलाशक उचलावी. मात्र लव्हक्राफ्टच्या भयाचा पाया असा आहे की, त्या विराट शक्तींना मनुष्यप्राणी अस्तित्वात आहे याचीच दखल नाही. आणि कोकणच्या मातीत हा पाया बसत नाही. कोकणातले भूत उदासीन कधीच नसते. त्याला तुमचे नाव ठाऊक असते, तुमच्या आजोबांनी कोणता नवस फेडला नाही हे ठाऊक असते आणि कोणत्या झाडाखाली तुम्ही परवा लघुशंका केली हेही ठाऊक असते. विश्वाच्या अफाटपणात आपण हरवलो आहोत ही पाश्चात्त्याची भीती. आपण कोणाच्या तरी पक्के ध्यानात आहोत ही आपली.

याला अधिक जवळचा मार्ग ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने १९८३ साली ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये दाखविला. कारणावाचून तळघरात भेटलेला रक्तपिपासू सरदार ट्रेसी यांना खटकला, आणि त्यांनी त्याला एक किल्ला, एक दरी, एक असफल प्रेम आणि एक पातक दिले. सबंध मोहिमेला शत्रू एकच, आणि तो पहिल्या रात्रीपासून खेळाडूंना ओळखतो. अलीकडच्या काळात लाकडी ठोकळ्यांच्या डळमळत्या मनोऱ्यावर पात्राचे जीवित टांगून ठेवणारा ‘ड्रेड’, किंवा एकेक मेणबत्ती विझत जाणारा ‘टेन कँडल्स’ असे खेळही निघाले आहेत; त्यांची युक्ती साधनात आहे, भुताच्या निवडीत नाही, म्हणून त्यांचा अधिक विस्तार करीत नाही.

आता स्वतःच्या दप्तराकडे वळावे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी लोकसमजुतींविषयी प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरे मागविली होती. १९०९ साली त्यांचा वध झाल्यावर ती सामग्री एन्थोवेन यांनी हाती घेतली आणि तिच्यातून कोकणविषयक टिपणांचा खंड १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्या काळचा कुलाबा जिल्हा, ज्यात महाड मोडत असे, या टिपणांच्या कक्षेत येतो. सरकारी चौकशीला शाळामास्तराने द्यावे तसे नेमके, निर्विकार उत्तर, आणि विषय मात्र हडळ, मुंजा, समंध, झोटिंग, खवीस, गिऱ्हा, जखीण, लावसट! वाचताना हळूहळू ध्यानात येते की, हा भीतीचा संग्रह नसून एक प्रकारची जमाबंदी आहे. मुंज झाली पण सोडमुंज झाली नाही असा ब्राह्मणाचा मुलगा वारला तर मुंजा, त्याचे ठाणे पिंपळ. संपत्तीवर जीव ठेवून किंवा उत्तरक्रियेवाचून गेलेल्याचा समंध, त्याचे ठाणे ठेव्याची जागा. बाळंतपणात गेलेली हडळ किंवा अळवंतीण. अहेवपणी गेलेली आणि सवतीच्या संसारात परत येणारी जखीण. प्रत्येकाचे मरण कसे अपुरे राहिले, ठाणे कोठे आहे, अंमल कोणत्या वेळी चालतो आणि काय दिल्याने तो शांत होतो, हे ठरलेले. या सर्वांवर वेताळ. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात त्याचे वर्णन आहे : हातपाय उलटे फिरलेले, केस उभे, एका हातात वेताची छडी व दुसऱ्यात शंख, आणि गस्तीला निघताना हिरव्या पोशाखात, पालखीतून वा घोड्यावरून, पुढेमागे पेटत्या मशाली. म्हणजे रात्रीच्या मुलखाचा सुभेदारच म्हणावयाचा, आणि अनेक गावी तो पूज्य ग्रामरक्षकही आहे.

येथेच मला जे म्हणावयाचे आहे ते येते. सूत्रधाराने भूत निवडताना त्याचे रूप आणि बळ शेवटी पाहावे. आधी पाहावी त्याची हद्द, त्या हद्दीवरील त्याची वहिवाट, आणि कोणाकडे असलेली त्याची बाकी. हद्द असल्यामुळे खेळाडूंना सुरक्षित जागा कोणती हे कळते आणि तेथून बाहेर पाऊल टाकण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होतो. वहिवाट असल्यामुळे गावकरी त्या भुताविषयी कुजबुजत नाहीत तर रोजच्या व्यवहारातली गोष्ट सांगावी तसे सांगतात, आणि तो सहजपणाच अंगावर येतो. बाकी असल्यामुळे भुताचा प्रत्येक प्रहार हा तगादा ठरतो. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटातील हस्तर लोकांच्या मनात राहिला तो याच गुणाने : सोन्याची हाव पुरविणारा, अन्नाचा भुकेला, पिठाच्या रिंगणापलीकडे हात न पोचणारा. नियम सर्वांना माहीत आणि तरीही विहिरीत उतरावयाचे, हे ते भय.

महाडच्या सावित्रीवर गिऱ्ह्याचा प्रयोग करून पाहावा. गिऱ्हा हे बुडून मेलेल्याचे किंवा पाण्याकाठी मारल्या गेलेल्याचे भूत. फारसे दुष्ट नव्हे, पण ओळखीच्या आवाजात हाक मारून माणसाला डोहाकडे नेणारे, आणि ज्याच्या हाती त्याच्या शेंडीचा केस लागला त्याची चाकरी करणारे. पहिल्या बैठकीत सूत्रधाराने प्रत्येक खेळाडूकडून पात्राचे घरगुती नाव लिहवून घ्यावे आणि पुढे महिनाभर त्याचा उल्लेखही करू नये. मग आषाढातल्या एका संध्याकाळी, पात्रे उताराची वाट पाहत गढूळ पाण्याशी उभी असताना, एकाकडेच पाहून हळू म्हणावे, “बाळ्या, पलीकडून कोणीतरी तुला हाक मारतंय.” खेळाडू विचारतो, “कोण?” उत्तर एवढेच, “आवाज आईचा आहे. पहिली हाक झाली.” रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे कोकणातले मूल पाळण्यात शिकते; टेबलाभोवती एकदम शांतता पसरते. कोणी म्हणतो, “अरे, सुसर असेल,” आणि तेही खोटे नाही, कारण महाडजवळच्या सावित्रीत मगरी खरोखरच आहेत व काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. मगर की गिऱ्हा, हा संशय सूत्रधाराने मिटवू नये. दुसरी हाक आली आहे, फासा अजून कोणी उचललेला नाही, आणि ज्याच्या पात्राची आई दोन बैठकांपूर्वी गावी आजारी होती तो खेळाडू आता उठून उभा राहिला आहे.

पाण्याच्या बाबतीत एक मर्यादा सांगितली पाहिजे. काळ नदीवरील वाळणकोंडीसारखे जे देवाचे डोह आहेत, जेथे वरदायिनीच्या नावाने मासे राखले जातात आणि त्यांना कोणी धरीत नाही, ते भुताटकीचे करू नयेत. डोहांतील साती आसरा या जलदेवता आहेत, भुते नव्हत. भयकथेत पवित्र जागा पवित्रच राहू द्याव्यात. त्या राहिल्या तरच इतरत्र अपवित्र काही घडले याला अर्थ येतो.

पोलादपूरकडे वळले की मुलूख बदलतो. सावित्री ज्या महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या पठाराकडे चढणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात धुक्याने असा भरतो की, पुढच्या वळणावरचा दगडही दिसू नये. एका अंगास प्रतापगड आणि जावळीचे रान, दुसऱ्या अंगास कशेडी, आणि उत्तरेस वाघजाईचे ठाणे असलेला वरंधा. ही जागा चकव्याची. चकव्याला शरीर नाही, दात नाहीत, तो मारीत नाही. तो फक्त तुम्हाला त्याच त्या जागी परत आणतो, आणि तांबडे फुटले म्हणजे दिसते की, रात्रभर एका शेताभोवती आपण फिरत होतो. खेळात त्याला चालविणे सोपे नाही, कारण खेळाडूसमोर नकाशा असतो. मी सुचवीन ते असे : नकाशा काढून घेऊ नये, उलट खेळाडूंनाच तो रेखाटू द्यावा, आणि तिसऱ्यांदा तेच वडाचे झाड आले की त्यांच्याच नकाशातील दोन ठिकाणे एक आहेत हे त्यांना शोधू द्यावे. स्वतःच्या हाताने काढलेली रेघ खोटी ठरली म्हणजे होणारी घालमेल कोणत्याही वर्णनाने होत नाही. कशेडीचा बोगदा खुला झाल्यापासून जुन्या घाटावरची वर्दळ ओसरली आहे. आधुनिक काळात मोहीम मांडणाऱ्याला त्या रस्त्याचा विचार करण्यास हरकत नाही.

मला स्वतःला मात्र जुना काळ अधिक मानवतो, आणि त्यातही १८१८ नंतरची पाच-दहा वर्षे. त्या वर्षीच्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरने रायगड घेतला; दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती, आणि तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत गडावरील वास्तू जळाल्या. राज्य गेले, पण गडाच्या घेऱ्यात ज्यांच्या पिढ्या नांदल्या ते लोक कोठे जाणार? ज्यांची चाकरी संपली, ज्यांच्या सनदांना आता कोणी विचारीत नाही, ज्यांना खजिना कोठे पुरला याच्या वावड्या तेवढ्या ऐकू येतात, अशा माणसांची पात्रे खेळाडूंना द्यावीत. आणि शत्रू म्हणून समंध द्यावा : गडावरचा एक कल्पित कारकून, जो आगीच्या रात्री दप्तर सोडून हलला नाही. तो सोने राखीत नाही; तो कागद राखतो. प्रत्येक पात्राच्या घराण्याची एकेक नोंद त्याच्याजवळ आहे, कोणाची खरी, कोणाची खाडाखोड केलेली, आणि नव्या सरकारच्या कचेरीत वतन सिद्ध करावयाचे तर तो कागद पाहिजे. तलवारीने त्याचे काय होणार? ज्याच्याजवळ आपल्या घराण्याचे लबाडीचे कलम आहे त्याच्या समोर दिवा घेऊन जाणे, हे मी वाचलेल्या कोणत्याही अनेकशिरी राक्षसाहून भयंकर आहे.

स्त्रीभुतांची निवड करताना सूत्रधाराने अधिक जबाबदारीने वागले पाहिजे. हडळ, अळवंतीण, लावसट यांची जुनी वर्णने वाचताना प्रथम शहारा येतो आणि मग वाईट वाटते, कारण बाळंतपणात दगावलेली आणि नवऱ्यामागे उरलेली विधवा अशा ज्या स्त्रियांना जिवंतपणी कोणी वाचविले नाही त्यांनाच मेल्यावर दोषी धरण्याची ही व्यवस्था आहे. शिवाय चेटकीण ठरवून जिवंत बाईचा छळ होणे हा महाराष्ट्रात इतिहासजमा झालेला प्रकार नव्हे. त्यासाठीच २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी हत्या झाली. म्हणून मोहिमेत गावकऱ्यांनी चेटकीण म्हणून दाखविलेली स्त्री चेटकीण निघू नये, हा नियम मी अपवादावाचून पाळावा असे म्हणेन. जखीण मात्र अवश्य घ्यावी. दुसरे लग्न झालेल्या घरात पहाटे स्वयंपाकघरातली भांडी आपोआप पहिलीच्या सवयीप्रमाणे लागलेली आढळतात. नवी सून काही बोलत नाही, सासूही नाही, आणि पात्रांना त्या घरी मुक्काम आहे. पहिली कशी गेली, दाई बोलावण्यास उशीर कोणी केला, हे जो विचारील त्यालाच ती दिसावी.

आणि महाडात बसून भुतांच्या जातीविषयी न बोलणे हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. जुन्या नोंदींत ब्राह्मणाचा समंध व मुंजा वेगळा आणि मानाचा. खवीस कोठे मुसलमानाचा, कोठे अस्पृश्य मानलेल्या जातींतील मृताचा, आणि तो अधिक क्रूर. म्हणजे माणसांची उतरंड स्मशानापलीकडेही नेऊन ठेवलेली. ज्या गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्या गावच्या भूमीवर ही उतरंड खेळातसुद्धा जशीच्या तशी चालवू नये. त्या दिवशी सत्याग्रही विरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठवून त्यांच्यावर हल्ले करण्यात आले, पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले, आणि मग तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव ही अनादि वहिवाट आहे असा दावा दिवाणी न्यायालयात लावण्यात आला; तो मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला, आणि अशी अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही असे ठरले. भुताला भयंकर करणारी गोष्ट म्हणजे त्याची वहिवाट, असे मी वर म्हटले आहे. तिला उत्तर देता येते, तिचा पुरावा मागता येतो, हेही याच गावाने दाखविले आहे. तेव्हा खवीस घ्यावयाचा तर त्याची जात काढून टाकावी, आणि पाणी अडविणाऱ्याचे, सावली मोजणाऱ्याचे भूत करावे : मेल्यावरही तळ्याच्या पायरीवर पहारा देणारे, ज्याची हद्द दरवर्षी एकेक पायरीने आक्रसत चालली आहे. पण ते तळे कल्पित असावे. खुद्द चवदार तळ्यावर भूत बसवू नये. ते मुक्तीचे स्थान आहे.

तसेच अलीकडची मरणे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बसगाड्या गेल्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत बस दरीत कोसळली. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड आली आणि त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातही वाड्या गाडल्या गेल्या. यांत गेलेल्या माणसांची आप्तमंडळी आजही आहेत. त्यांच्या मृतांना कोणाच्या करमणुकीतील पिशाच्च करणे ही क्रूरता आहे, मग खेळणारे कितीही दूरच्या शहरात बसलेले असोत. पूर, दरड, धुके ही निसर्गाची रूपे मोहिमेत येऊ द्यावीत, ती टाळताही येणार नाहीत. नाव, तारीख आणि प्रेत मात्र येऊ देऊ नये. आपल्या टेबलावर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी काय घडले आहे हेही आधी विचारून घ्यावे. अनेक मंडळींत टेबलाच्या मध्यभागी फुलीचे एक कार्ड ठेवलेले असते, ज्याला प्रसंग सोसवत नाही त्याने कारण न देता त्यावर बोट ठेवावे व प्रसंग तेथेच थांबावा. ही प्रथा मला फार सभ्य वाटते.

संख्येविषयी थोडेसे. दहा-बारा बैठकांच्या मोहिमेला एक मुख्य भूत, दोन किंवा तीन उपभुते आणि वाटेवरचा एखादा चकवा पुरे; वेताळ दिसू नये, त्याच्या मशाली दूरच्या डोंगरावर एकदाच दिसाव्यात. मध्यंतरी विसाव्यासाठी शिमगा आणावा. कोकणच्या नमनखेळ्यांतील काळ्या पोशाखाचा, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासुर पोरांच्या मागे धावतो, पोरे किंचाळतात, आणि त्यांच्याच आया त्याच्या पायांवर तान्ही मुले घालतात. भय आणि माया एकाच अंगणात कशी नांदतात हे त्या प्रसंगाने खेळाडूंना जेवढे कळेल तेवढे सूत्रधाराच्या निरूपणाने कळणार नाही. त्याच गर्दीत यंदा संकासुर दोन आहेत असे एखाद्या पोराने सांगावे.

राहिला प्रश्न शेवटाचा. परदेशी मोहिमेत राक्षस मरतो. कोकणात भूत मारले जात नाही, त्याची तडजोड होते. त्याला एक धोंडा नेमून देतात, वर्षाची राखण ठरवितात, नारळ किंवा कोंबडा, आणि हद्द पुन्हा आखतात. लढाईची सवय असलेल्या खेळाडूंना हा शेवट प्रथम अपुरा वाटेल, म्हणून वाटाघाटीलाच लढाईचा ताण आला पाहिजे : समंध काय मागतो, कोणते पात्र स्वतःच्या घराण्याची कोणती नोंद जाळू देण्यास तयार आहे, आणि जे कोणीच द्यावयास तयार नाही ते शेवटी कोणाच्या नावावर चढते, यासाठी सबंध एक बैठक राखून ठेवावी. जी कबुलायत ठरेल ती तोंडी न ठेवता खेळाडूंकडूनच लिहवून घ्यावी, तीत राखण कोणत्या तिथीस, कोणी आणि किती पिढ्या द्यावयाची हे स्पष्ट करून घ्यावे, आणि तो कागद सूत्रधाराने जपून ठेवावा. पुढची मोहीम तीस वर्षांनंतरच्या काळात, त्याच गावी आणि याच पात्रांच्या मुलानातवंडांना घेऊन मांडावयाची झाली, तर त्यांच्यापैकी कोणी राखण चुकविली एवढेच ठरवावयाचे उरते.